सरळ फळीतून निघालेले वळण

अझरबैजानच्या राजधानीत, बाकू शहरात, २०१२ मध्ये उघडलेल्या हैदर अलियेव केंद्राची भिंत नेमकी कुठून सुरू होते हे सांगता येत नाही. समोरच्या चौकातली जमीन एका जागी उचलली जाते, तिचा उतार होतो, उतार चढत चढत भिंत होतो, भिंत वळून छत होते आणि ते छत पलीकडच्या बाजूने खाली येऊन पुन्हा जमिनीला मिळते. कोपरा नाही, छज्जा नाही, खांब दिसत नाही. पांढऱ्या पृष्ठभागावर पॅनलांच्या जोडांच्या बारीक रेघा तेवढ्या आहेत आणि त्या रेघांमुळेच एवढ्या मोठ्या वस्तूचे माप डोळ्यांना लागते. झहा हदीद आणि पॅट्रिक शूमाखर यांनी रचलेल्या या इमारतीची लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०१४ मध्ये वर्षातील सर्वोत्तम रचना म्हणून निवड केली. उद्याची वास्तुकला कशी असेल असे कुणी विचारले की आज पहिल्यांदा हिचेच छायाचित्र पुढे केले जाते.

छायाचित्रात जे येत नाही, तो या पुस्तकाचा विषय आहे. त्या पांढऱ्या त्वचेच्या आत पोलादी नळ्यांची त्रिमितीय जाळी आहे, जिला स्थापत्य अभियंते स्पेस फ्रेम म्हणतात. तिला काँक्रीटच्या सांगाड्याची साथ आहे. जाळीवर आणखी एक हलका सांगाडा, आणि त्यावर काचतंतू घातलेल्या काँक्रीटची व पॉलिएस्टरची पॅनले. खांब नाहीसे झालेले नाहीत, ते त्वचेच्या पोटात आणि काचेच्या भिंतीच्या रचनेत सामावून घेतले आहेत. वाहती दिसणारी ही इमारत असंख्य सरळ नळ्यांवर उभी आहे. हे कळल्याने तिचे सौंदर्य उणावत नाही. पण ते कळल्याशिवाय तिच्याविषयी केलेली स्तुती मला अपुरी वाटते आणि निंदाही.

वळण महाग का पडते, हे आधी पाहिले पाहिजे. घर बांधताना ज्याने पाहिले आहे त्याला सगळी हत्यारे आठवतील: गवंड्याचा ओळंबा, सुताराचा गुण्या, ताणलेली सुतळी, लेव्हलची नळी. प्रत्येक हत्यार सरळपणा तपासण्यासाठी आहे. काँक्रीट मात्र ओतताना जवळजवळ द्रव असते, त्याला कोणताही आकार चालतो. आकार ठरतो तो साच्यावरून, आणि साचा बनतो तो सपाट प्लायचा आणि सरळ फळ्यांचा. सेंट्रिंगवाल्याला त्याच फळ्या या मजल्यावरून काढून पुढच्या मजल्यावर लावायच्या असतात. बाक दिलेली फळी दुसरीकडे उपयोगी पडत नाही. एकदाच वापरून टाकून द्यायच्या वक्र साच्याचा खर्च आतल्या काँक्रीटहून जड होतो. आपली शहरे खोक्यांची झाली त्यामागे रुचीचे दारिद्र्य नाही. हिशेब आहे.

म्हणूनच वक्र वास्तूंचा इतिहास मला कल्पनाशक्तीच्या भराऱ्यांचा इतिहास वाटत नाही. सरळ, स्वस्त, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या गोष्टींतून वळण कसे काढायचे, या एका प्रश्नाला लोकांनी दिलेल्या उत्तरांचा तो इतिहास आहे.

त्यातले सर्वांत देखणे उत्तर फेलिक्स कांदेला यांचे. ते १९१० मध्ये माद्रिदला जन्मले, स्पेनच्या यादवी युद्धात हरलेल्या पक्षाकडून लढले आणि १९३९ मध्ये निर्वासित म्हणून मेक्सिकोला पोहोचले. तिथे त्यांनी स्वतःची बांधकाम कंपनी चालवली. म्हणजे चित्र काढणारे तेच, गणित करणारे तेच आणि ठरलेल्या रकमेत काम पुरे करून देणारेही तेच. त्यांच्या हाती एक भौमितिक आकार होता. दोन काठ्या घ्या, एक एकीकडे झुकलेली, दुसरी उलट बाजूला. दोन्हींवर सारख्या अंतरावर खुणा करा आणि समोरासमोरच्या खुणा दोऱ्याने जोडा. प्रत्येक दोरा सरळ असतो, पण सगळ्या दोऱ्यांचे मिळून तयार झालेले पृष्ठ घोड्याच्या खोगिरासारखे दोन दिशांना वळलेले असते. दोऱ्यांच्या जागी फळ्या ठेवल्या की साचा तयार. एकही फळी वाकवावी लागत नाही.

गणितात या आकाराला हायपरबोलिक पॅराबोलॉइड म्हणतात. दोन उलट दिशांचे बाक एकमेकांना घट्ट धरतात, त्यामुळे अगदी पातळ कवचही ताठ राहते. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात १९५१ मध्ये विश्वकिरण मोजण्यासाठी एक छोटी प्रयोगशाळा हवी होती. छत जितके पातळ तितके किरण आत येणार. कांदेला यांनी ते माथ्याजवळ दीड सेंटीमीटर जाडीचे केले. पुढे १९५८ मध्ये सोचिमिल्कोच्या कालव्यांकाठी त्यांनी ‘लोस मानांतियालेस’ हे उपाहारगृह बांधले: आठ पाकळ्यांचे छत, कवचाची जाडी सुमारे चार सेंटीमीटर, मध्ये एकही खांब नाही. आपल्या घराचा साधा स्लॅब याच्या तिप्पट जाड असतो. काठाजवळ जाड तुळई देऊन पातळपणा झाकण्याचीही त्यांना गरज पडली नाही. पाकळीची कडा तशीच उघडी आहे, आणि पाहणाऱ्याला छताची खरी जाडी तिथे दिसते.

या यशाला एक आधार होता, तो सांगितला पाहिजे. साच्याच्या फळ्या सरळ होत्या खऱ्या, पण त्या लावायला पुष्कळ सुतार लागत आणि मेक्सिकोत तेव्हा मजुरी कमी होती. मजुरी वाढत गेली तशी ही कवचे परवडेनाशी झाली. सुताराला बरे दिवस आले की वास्तुशिल्पाचा एक प्रकार मावळतो, हे वास्तुकलेच्या इतिहासात सहसा लिहिले जात नाही.

उरुग्वेचे अभियंते एलादियो दिएस्ते यांनी हाच विचार विटेत केला. अटलांटिदा या गावातल्या, १९६० मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या चर्चच्या भिंती पायाशी सरळ रेषेत आहेत आणि वर जाता जाता लाटेसारख्या आतबाहेर होतात. पायाच्या सरळ रेषेपासून माथ्याच्या नागमोडी रेषेपर्यंत सुतळ्या ताणल्या की गवंड्याला प्रत्येक थराची जागा मिळते. साध्या गावाचे, साध्या विटेचे हे काम २०२१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

दुसरी वाट आकार काढण्याची नसून आकार विचारून घेण्याची आहे. दोन टोकांना टांगलेली साखळी स्वतःच्या वजनाने जो बाक घेते, त्यात फक्त ताण असतो. तोच बाक उलटा करून दगडात बांधला तर त्यात फक्त दाब उरतो आणि दगडाला दाब मानवतो. रॉबर्ट हूक यांनी हे सतराव्या शतकात ओळखले होते. बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेल इथल्या चर्चसाठी अंतोनी गौदी यांनी दोऱ्यांना शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या टांगून अख्खी इमारत उलटी लोंबती केली आणि तिच्यावरून कमानी ठरवल्या. त्या चर्चचे तळघरच काय ते बांधून झाले. स्वित्झर्लंडचे हाइन्त्स इसलर थंडीत ओले कापड टांगून गोठवत आणि उलटे करून त्यावरून कवचांचे आकार मोजत. जर्मनीच्या फ्राय ओटो यांनी तारेच्या चौकटी साबणाच्या पाण्यात बुडवल्या. साबणाचा पापुद्रा दिलेल्या कडांमध्ये कमीत कमी क्षेत्रफळाचे पृष्ठ धरतो आणि त्यात ताण सगळीकडे सारखा असतो. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिक स्टेडियमवरचे केबलांचे पारदर्शक छत गुंटर बेनिश यांच्या चमूने उभारले ते या अभ्यासाच्या बळावर. ओटो यांना प्रित्झ्कर पारितोषिक २०१५ मध्ये जाहीर झाले, पण जाहीर होण्याच्या आदल्याच दिवशी ते वारले होते.

सिडनीच्या ऑपेरा हाउसवर इथे थोडे थांबायला हवे, कारण आजच्या वक्र वास्तुकलेचे सगळे पेच त्या एका इमारतीत येऊन गेले. यर्न उट्सन यांनी १९५७ ची स्पर्धा जिंकली तेव्हा त्यांच्याकडे चित्र होते, भूमिती नव्हती. बंदरावर फुगलेली ती कवचे कोणत्याही गणिती नियमात बसत नव्हती. ओव्ह अरुप यांच्या अभियंत्यांनी कितीतरी वर्षे पॅराबोला, एलिप्सॉइड असे एकेक आकार लावून पाहिले. प्रत्येक कवच वेगळे, म्हणजे प्रत्येकाचा साचा वेगळा. १९६१ मध्ये तोड निघाली: सगळी कवचे सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाचे तुकडे समजायची. गोल कुठेही कापला तरी त्याचा बाक तोच राहतो. त्यामुळे काँक्रीटच्या फासळ्यांचे भाग मोजक्या साच्यांत पुन्हा पुन्हा ओतता आले आणि दहा लाखांहून अधिक टाइल्स ठरावीक आकारांत भाजता आल्या.

पण त्या तोडग्यानंतर ती पातळ कवचे राहिली नाहीत. आतून पाहिले तर ते फासळ्यांच्या जड कमानींचे बांधकाम आहे. कांदेला यांनी १९६७ मध्ये या प्रकल्पावर कडक टीका करणारा लेख लिहिला. आकार आधी रंगवायचा आणि तो उभा कसा राहील हे नंतर दुसऱ्याने शोधायचे, ही पद्धतच त्यांना मान्य नव्हती. सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १०.२ कोटींवर गेला, सरकारशी वाद होऊन उट्सन १९६६ मध्ये बाहेर पडले आणि १९७३ मध्ये उघडलेली ती वास्तू पाहायला ते कधीच परत गेले नाहीत. कांदेला यांचा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. तरीही सिडनीचे बंदर त्या छतांशिवाय असावे असे मला म्हणवत नाही. हा पेच मी सोडवू शकलेलो नाही आणि पुस्तकातही तो सुटलेला दिसणार नाही.

भारतात या विषयाचे नाव निघाले की दिल्लीच्या बहाई उपासना मंदिराच्या २७ पाकळ्या आठवतात. मला मात्र आधी अहमदाबादची गुफा आठवते. चित्रकार मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे आणि वास्तुकार बाळकृष्ण दोशी पुण्याचे. दोघांनी मिळून १९९५ मध्ये पूर्ण केलेली ही जमिनीत अर्धी रुतलेली कलादालनाची वास्तू मराठी वाचकाला आपली वाटायला हवी, कारण तिच्यामागच्या प्रेरणांत अजिंठा-वेरूळची लेणीही आहेत. वर एकमेकांत घुसलेले घुमट, त्यांतून वर आलेली प्रकाशाची धुराडी, आत झाडांच्या खोडांसारखे तिरपे खांब. कवच फेरोसिमेंटचे, जेमतेम इंचभर जाडीचे. सळया आणि तारांची जाळी हव्या त्या आकारात बांधायची आणि तिच्यावर हाताने सिमेंटचा गिलावा दाबायचा. लाकडी साचा लागतच नाही. एकही सरळ रेषा नसलेल्या या आकाराचे ताण तपासायला संगणक वापरला होता आणि बांधणारे हात साधी हत्यारे चालवणाऱ्या आदिवासी मजुरांचे होते. घुमटांवर फुटक्या चिनी मातीच्या टाइल्सचे तुकडे बसवले आहेत. सपाट तुकडा पुरेसा लहान असला की तो कोणत्याही बाकावर बसतो.

संगणकाने नंतर जे केले त्याचे मूळ वास्तुकलेत नाही. जहाज बांधणारे पूर्वी लाकडाची लवचीक पट्टी शिशाच्या वजनांनी जागोजाग दाबून धरत आणि तिच्या कडेने जहाजाच्या पोटाची रेघ मारत. पट्टी स्वतःहून सर्वांत गुळगुळीत बाक घेई. मोटारींचे पत्रे ठोकण्यासाठी तोच बाक आकड्यांत पकडण्याची गरज पडली आणि फ्रान्समध्ये सिट्रोएनचे पॉल द कास्तेल्जो व रेनोचे पियेर बेझिए यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याची रीत बसवली. मूठभर बिंदू हलवायचे, वक्ररेषा त्यांच्या मागे येते. आज घराच्या आराखड्यात जो कोणी माऊसने रेघ वाकवतो तो मोटार कारखान्याचे गणित वापरत असतो. विमाने रचण्यासाठी दासो कंपनीने केलेली काटिया ही प्रणाली फ्रँक गेरी यांच्या कार्यालयाने उचलली, आधी बार्सिलोनातल्या १९९२ च्या भल्यामोठ्या माशासाठी आणि मग बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी. गेरी स्वतः लाकडाची आणि कागदाची प्रतिरूपे करत, सहकारी ती बिंदूबिंदूने मोजून संगणकात उतरवत. १९९७ मध्ये उघडलेल्या त्या संग्रहालयावरचे टायटॅनियमचे पत्रे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ आहेत, आणि आतला सांगाडा पोलादाच्या सरळ तुकड्यांचाच आहे. सिडनीत खर्च अंदाजाच्या सुमारे चौदा पट झाला होता, इथे तो आवाक्यात राहिला. संगणकाने कारखान्याला प्रत्येक तुकड्याचे नेमके माप दिले, त्यामुळे तुकडे एकसारखे असण्याची सक्तीच उरली नाही.

इथे खरा सांधा बदलतो. कांदेला यांना सरळ फळी हवी होती, उट्सन यांना एकच गोल. या अटींनीच त्यांना शिस्त लावली. त्या अटी उठल्यावर वास्तुकार मोकळा झाला, आणि मोकळेपणाबरोबर येणारी जबाबदारी त्याच्या एकट्याच्या विवेकावर आली.

झहा हदीद यांच्याविषयी लिहिताना लोक त्यांना वळणांची सम्राज्ञी करून टाकतात. त्यांची सुरुवात टोकदार कोनांनी झाली होती. १९५० मध्ये बगदादला जन्म, बैरूतला गणिताचे शिक्षण, मग लंडनचे एए स्कूल. रशियन चित्रकार मालेविच यांच्या तरंगत्या भूमितीचा त्यांच्यावर पगडा होता आणि आराखडे त्या कॅनव्हासवर रंगवत. हाँगकाँगच्या ‘द पीक’ची स्पर्धा १९८३ मध्ये त्यांनी जिंकली, ते बांधले गेले नाही. कार्डिफच्या ऑपेरा हाउसची स्पर्धा १९९४ मध्ये जिंकली, तेही बांधले गेले नाही. मधल्या काळात जर्मनीतल्या व्हिट्रा कारखान्याचे अग्निशमन केंद्र तेवढे १९९३ मध्ये उभे राहिले आणि ते सुरीच्या पात्यांसारखे धारदार आहे. कागदावरच राहणारी वास्तुकार असे म्हणवून घेत त्यांनी कार्यालय चालू ठेवले. २००४ मध्ये प्रित्झ्कर मिळाले, ते मिळालेली ती पहिली स्त्री. त्यानंतरच्या बारा वर्षांत रोमचे माक्सी संग्रहालय, ग्वांगचौचे ऑपेरा हाउस, लंडनचे जलतरण केंद्र, बाकू, सोल अशा वास्तू झाल्या. सोलच्या डोंगदेमुन डिझाइन प्लाझावरची ४५ हजारांहून अधिक अॅल्युमिनियमची पॅनले त्यांच्या कार्यालयाला बेझिए यांचे गणित किती अंगवळणी पडले होते हे सांगतात. ३१ मार्च २०१६ रोजी त्या गेल्या.

बाकूच्या केंद्राला देशाच्या माजी अध्यक्षांचे नाव आहे, त्यांचे चिरंजीव विद्यमान अध्यक्ष आहेत, आणि शहराच्या त्या नव्या रूपासाठी लोकांना घरांतून हुसकावल्याचे आक्षेप मानवी हक्क संघटनांनी घेतले होते. पुरस्काराच्या वेळी ते पुन्हा पुढे आले. जमीन उचलून छत करणे ही कल्पना मला आजही अद्भुत वाटते. त्या जमिनीवर आधी कोण राहत होते, हा प्रश्न त्याच कल्पनेचा भाग आहे असे मी मानतो. टोकियोत वेगळे घडले. २०१२ मध्ये हदीद यांच्या ऑलिंपिक स्टेडियमची निवड झाली, फुमिहिको माकी यांच्यासारख्या ज्येष्ठांनी त्याच्या आकारमानाला हरकत घेतली, खर्च फुगला आणि जुलै २०१५ मध्ये सरकारने तो आराखडा रद्द केला. एका समाजाने उघड वाद घालून नाही म्हटले, हेही मला महत्त्वाचे वाटते.

हे सारे आता आपल्या दारात आहे. मुंबई विमानतळाचे २०१४ मध्ये सुरू झालेले दोन क्रमांकाचे टर्मिनल अमेरिकेच्या एसओएम कार्यालयाचे आहे. तिथले खांब वर जाता जाता फुलतात आणि छताच्या नक्षीत विरून जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाचे कमळाच्या रूपावर बेतलेले टर्मिनल हदीद यांच्या कार्यालयाकडून, त्यांच्या पश्चात, आले आहे. पनवेलकडून विमान पकडायला जाणारा प्रवासी ज्या छताखालून जाईल त्याचे वंशवृक्षातले स्थान बाकूशेजारी आहे. त्याला ते कळावे, ही या पुस्तकामागची एक साधी इच्छा. कोकणपट्टीच्या पावसात वक्र छताचे पाणी कुठल्या पन्हळीत जाते, पॅनलांच्या जोडांतले रबर किती वर्षे टिकते, उंचावरची पाकळी पुसायला माणूस कसा चढतो, त्याच्या कमरेचा दोर कशाला अडकवायचा हे आराखड्यात होते का, असे प्रश्नही त्याने विचारावेत. सपाट गच्ची गळली तर गल्लीतला गवंडी येऊन डांबर ओततो. दोन्ही दिशांना वळलेल्या पॅनलाचा बदली तुकडा त्याला जागेवर बनवता येत नाही, तो पुन्हा कारखान्यातूनच यावा लागतो. त्यामुळे दुरुस्तीची सोय आराखड्याइतकीच विचारपूर्वक आखलेली असली पाहिजे, आणि सार्वजनिक पैशातून असे काही उभारताना ती निविदेतच लिहिलेली असली पाहिजे.

पुस्तकात प्रत्येक वास्तूच्या छायाचित्रासमोर तिचा उभा छेद दिला आहे. वाचकाने आधी छेद पाहावा अशी माझी विनंती आहे. बाहेरचा बाक आणि आतला आधार कुठे एकच आहेत, कुठे त्यांच्यामध्ये माणूस चालेल एवढी पोकळी आहे, हे छेदात लगेच कळते. सोचिमिल्कोत पोकळी शून्य आहे. बाकूत ती मोठी आहे. पोकळी असणे म्हणजे खोटेपणा, असा निकाल मी देणार नाही. दिवे, वातानुकूलन, पाण्याचे नळ कुठेतरी जायचेच असतात. पण पोलाद किती लागले याचे उत्तर त्या पोकळीत असते, आणि सिमेंट-पोलादामुळे हवेत जाणारा कार्बन आज प्रत्येक बांधकामाला मोजावा लागतो आहे, तेव्हा हे उत्तर टाळता येणार नाही.

आणि इथेच कांदेला आणि हदीद यांची दोन घराणी एकत्र येताना दिसतात. २०१८ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील फिलिप ब्लॉक यांच्या संशोधन गटाने हदीद यांच्या कार्यालयातील संगणकीय रचनेच्या चमूबरोबर मेक्सिको शहरात एक कवच उभारले. त्याचे नाव ‘निटकांदेला’. साचा लाकडाचा नव्हता, यंत्रावर विणलेल्या कापडाचा होता. ते विणकाम प्रवासी सामानाच्या बॅगांत भरून स्वित्झर्लंडहून आणले, केबलांच्या जाळीवर ताणले, त्यावर सिमेंटचा पातळ थर देऊन ते ताठ केले आणि मग काँक्रीट चढवले. कापड आणि केबल मिळून साठ किलोंहून कमी वजनाच्या साच्याने पाच टनांहून अधिक काँक्रीट पेलले. आकार मनाजोगता मोकळा, तरीही कवच काही सेंटीमीटरांचेच, आणि प्रत्येक टाका संगणकाने आखलेला. तीन वर्षांनी याच दोन गटांनी व्हेनिसला ‘स्ट्रायेटस’ नावाचा पादचारी पूल उभारला. त्याचे ५३ ठोकळे त्रिमितीय छपाईने काँक्रीटचे थर देऊन केले होते, आत सळई नव्हती, ते केवळ दाबाने एकमेकांना धरून होते. गौदींच्या टांगत्या दोऱ्यांचेच तत्त्व, पण आता यंत्राच्या हाताने घडवलेले. हे अजून मंडपांचे आणि छोट्या पुलांचे प्रयोग आहेत. शाळेचे छत, बाजाराचा ओटा, एसटीचा थांबा या मापांवर ते उतरतात का, आणि इचलकरंजी-मालेगावसारख्या यंत्रमागांच्या गावांतले विणकर असा साचा विणू शकतील का, हे करून पाहणारी पिढी आज आपल्या स्थापत्य आणि वास्तुकला महाविद्यालयांत शिकते आहे. पुढची प्रकरणे त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.